फोन वाजायच्या आधी

सिअॅटलच्या फर्स्ट हिल टेकडीवर इतकी रुग्णालयं आहेत, की गावातले लोक तिला पिल हिल म्हणतात. गोळ्यांची टेकडी. त्यातल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्तपेढीत, रात्री साडेदहा ते सकाळी सात अशी तिची पाळी असते. ती मूळची मिरजेची. मिरजेत वाढलेल्या माणसाला रुग्णालयाच्या वासाचं काही वाटत नाही. आमच्या गावात दवाखाने आणि सतारी या दोनच गोष्टी मुबलक, असं ती सहकाऱ्यांना सांगते. सतार त्यांना ऐकून माहीत असते, मिरज नाही.

तिच्या टेबलावर एक फोन आहे. तो अपघात विभागातून, शस्त्रक्रियेच्या दालनातून नाहीतर प्रसूतिगृहातून वाजतो. पलीकडचं माणूस नमस्कार-चमत्कार करत बसत नाही. रुग्णाचा नंबर, पिशव्या किती, किती मिनिटांत, एवढंच. गोठवलेला प्लाझ्मा वितळायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, म्हणून कानाला फोन असतानाच तिचा दुसरा हात फ्रीझरच्या कडीवर गेलेला असतो. रुग्णाचा गट कळेपर्यंत द्यायच्या ओ निगेटिव्हच्या पिशव्या वेगळ्या खणात तयारच असतात. आणि कितीदा तरी असं होतं, की सगळी जुळवाजुळव झाल्यावर फोन पुन्हा वाजतो: राहू दे, रक्तस्राव थांबला.

बेसबॉलच्या मैदानावरही असाच एक फोन असतो. प्रत्यक्ष खेळापासून दूर, कुंपणापलीकडे बुलपेन नावाचा एक पट्टा असतो आणि तिथे राखीव पिचर, म्हणजे गोलंदाज, बसलेले असतात. मैदानातला पिचर थकला किंवा त्याची धुलाई सुरू झाली, की व्यवस्थापकाकडून तिथे फोन जातो, आणि ज्याचं नाव निघेल तो उठून हात गरम करायला लागतो. तोही बऱ्याचदा नुसताच गरम होतो. मैदानातला पहिला गडी सावरतो, आणि हा जाकीट चढवून पुन्हा बाकावर बसतो.

दोन्ही फोनांतलं हे साम्य तिला दाखवलं एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं. तिथल्या रिवाजाप्रमाणे ती त्याला नावानंच हाक मारते, पण मनातल्या मनात काका म्हणते. 1977 साली मॅरिनर्स संघ सुरू झाला तेव्हापासून काका त्याचे पाठीराखे. त्याआधी 1969 मध्ये सिअॅटलला पायलट्स नावाचा संघ मिळाला होता. तो एकच हंगाम टिकला आणि मिलवॉकीला गेला. त्यामुळे हातात आलेला संघ हातातून जाऊ शकतो, हे काकांच्या पिढीला आधीपासून माहीत होतं.

ती या खेळाकडे वळली ती एका चुकलेल्या सामन्यामुळे. 15 ऑगस्ट 2012, बुधवार. रात्रपाळी संपवून निघताना काकांनी विचारलं, दुपारचा सामना आहे, येतेस? ती म्हणाली, मला झोप हवी आहे. ती घरी पडदे ओढून झोपली, आणि तिकडे फेलिक्स हर्नान्डेझनं टँपा बेच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांना परत पाठवलं. एकही जण पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. याला परफेक्ट गेम म्हणतात. मॅरिनर्सच्या इतिहासात तो तेवढा एकच. त्या रात्री काकांनी पेन्सिलीनं भरलेलं स्कोअरकार्ड तिच्यापुढे ठेवलं. सत्तावीस चौकोन, प्रत्येकात एक बाद, आणि कुठेही बेसकडे धावलेली रेघ नाही.

ते पान बघून तिला बाबा आठवले. बाबा शाळेत गणित शिकवायचे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागलं, की ते जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर धावफलक मांडायचे. टिंब, चौकार, बाद, पुन्हा टिंब. पेन्सिलीला टोक काढून द्यायचं काम तिचं. सामना रटाळ असला, तरी बाबांची वही कधी रटाळ दिसायची नाही.

मग ती शिकली. बेसबॉलच्या लेखनात प्रत्येक जागेला क्रमांक असतो. पिचर 1, कॅचर 2, शॉर्टस्टॉप 6. चेंडू सहाकडून चारकडे आणि चारकडून तीनकडे गेला, तर 6-4-3 आणि दोन गडी बाद. स्ट्राइकआउटला के, आणि फलंदाज बॅट न हलवता नुसता बघत उभा राहिला, तर तोच के उलटा. या उलट्या के इतकं बोचरं चिन्ह क्रिकेटच्या वहीत नाही, असं तिचं मत आहे.

तिच्या पहिल्या नऊ हंगामांत बरेच सप्टेंबर शांत गेले. 2001 मध्ये 116 सामने जिंकून, 1906 च्या शिकागो कब्जशी बरोबरी करून हा संघ न्यूयॉर्क यांकीजकडून हरला आणि त्यानंतर प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बादफेऱ्यांची, पायरीच विसरला. वर्षाला 162 सामने. त्यातले शंभरेक होईस्तोवर अनेकदा काय ते कळून जायचं. सप्टेंबरमध्ये मग ती निवांत वही भरायची. ऊन कलतं झालेलं, तिकिटं स्वस्त झालेली, शेजारून मालगाडी भोंगा देत जायची आणि छपराखालचे थोडे लोक तिला हात करायचे. (त्या मैदानाला सरकतं छप्पर आहे, पण ते बाजूंनी बंद होत नाही. पावसात ते मोठ्या छत्रीसारखं नुसतं वर येतं.) आता मागे वळून बघताना तिला वाटतं, की त्या वर्षांत तिला झोप फार चांगली लागायची.

2021 पासून झोप बिघडली. त्या वर्षी 90 सामने जिंकूनही संघ शेवटच्या दिवशी बाहेर पडला. 30 सप्टेंबर 2022 ला नवव्या डावात, दोन गडी बाद, काउंट पूर्ण भरलेला, अशा वेळी बदली फलंदाज म्हणून आलेल्या कॅल रॅलीनं होम रन मारला आणि एकवीस वर्षांचा उपास सुटला. पंधरवड्यानं ह्यूस्टनविरुद्धचा सामना अठरा डाव चालला, सहा तासांहून जास्त, आणि सिअॅटल 1-0 नं हरलं. सतरा डाव दोन्हीकडे शून्य! तिच्या वहीत त्या सामन्याला दोन पानं चिकटवावी लागली आहेत. 2023 आणि 2024 मध्ये प्लेऑफ एकेका सामन्यानं हुकला. म्हणजे चार वर्षांत तीनदा दारात जाऊन परत, आणि एकदा आत जाऊन परत.

तर 2025 चा सप्टेंबर.

5 तारखेला संघ अटलांटात हरला आणि गाडी घसरणार असं दिसायला लागलं. त्याच सुमारास एका वैतागलेल्या चाहत्यानं एत्सीवर, म्हणजे हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या त्या इंटरनेटवरच्या बाजारात, काही डॉलर मोजून एका चेटकिणीकडून संघासाठी मंत्र घालून घेतला. ही थट्टा नव्हे. वर्तमानपत्रांनी छापलं, लोकांनी टी-शर्ट काढले. आणि संघ सलग दहा सामने जिंकला. रक्तपेढीत, जिथे दोन वेळा गट तपासल्याशिवाय पिशवी दाराबाहेर जात नाही, तिथले तंत्रज्ञही गंभीर चेहऱ्यानं चेटकिणीबद्दल बोलायला लागले.

सिअॅटलचा संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा मिरजेत सकाळचे सात वाजून गेलेले असतात. आईचा दुसरा चहा. पहिले दोन डाव आईशी बोलता बोलता जातात. आईला बेसबॉल कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण हरलं कोण आणि जिंकलं कोण एवढं तिला लागतं. चेटकिणीचं ऐकून आई म्हणाली, "अगं, तारीख बघ की. सहा तारखेपासून जिंकायला लागले ना? अनंत चतुर्दशी होती त्या दिवशी. बाप्पा जाता जाता बघून गेला असणार. चेटकिणीचं काय सांगतेस मला!" तिनं कॅलेंडर पाहिलं. 6 सप्टेंबर, खरंच. वादाला जागाच उरली नाही.

मग संघानं ह्यूस्टनमध्ये जाऊन तिन्ही सामने घेतले. घटस्थापनेच्या दिवशी तो पहिल्या क्रमांकावर होता, तीन सामन्यांनी पुढे. 24 तारखेला कोलोरॅडोविरुद्ध ती वरच्या मजल्यावर बसली होती. कॅल रॅलीनं पहिल्या डावात 59 वा होम रन मारला आणि आठव्या डावात 60 वा. कॅचरनं एका हंगामात एवढे होम रन मारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कॅचर म्हणजे अडीच-तीन तास उकिडवं बसून ताशी दीडशे किलोमीटरचे चेंडू झेलणारा माणूस. आधीचा कॅचरांचा विक्रम 48 चा होता. (या थोर पुरुषाचं टोपणनाव त्याच्या भरघोस पार्श्वभागावरून पडलं आहे आणि ते अख्खं शहर प्रेमानं घेतं. आईला त्याचं भाषांतर सांगितल्यावर बराच वेळ फोनवर नुसतं हसणं ऐकू येत होतं.) सामना 9-2 नं संपला. 2001 नंतर पहिल्यांदाच विभागाचं विजेतेपद. ती पायोनियर स्क्वेअरवरून ट्राम पकडून थेट कामावर गेली. घसा बसलेला होता. अपघात विभागातल्या नर्सला पिशवीचा क्रमांक वाचून दाखवताना आवाज फुटेना, आणि पलीकडून ती नर्स म्हणाली, कळलं, तूही तिथेच होतीस.

दुसऱ्या दिवशी संघानं आणखी एक सामना जिंकला. विजय झाले 90. तीन सामने बाकी. आणि ते तिन्ही डॉजर्सनी सिअॅटलमध्येच येऊन जिंकले. हंगाम संपला 90-72 वर.

इथून तिची खरी धडधड सुरू झाली. 2021 चा आकडा 90-72. 2022 चाही 90-72. तो आकडा तिला पुन्हा बघायचा नव्हता. 91 चालले असते, 89 सुद्धा चालले असते. गणिताच्या मास्तरांची मुलगी, पेशानं प्रयोगशाळेतली, आणि एका बेरजेला घाबरून बसली होती. तिनं ते काकांना कळवलं. काका आता निवृत्त झालेत, पण तीस वर्षांच्या रात्रपाळीनंतर त्यांना रात्री झोप येत नाही. त्यांचं उत्तर पहाटे तीनला आलं: मलाही तेच दिसलं, म्हणून कुणाला बोललो नाही.

पुढे काय झालं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. डेट्रॉइटशी पाच सामने. पाचवा पंधरा डावांचा, जवळपास पाच तासांचा, तिची पाळी सुरू होण्याच्या जरा आधी होर्हे पोलांकोच्या फटक्यानं संपलेला. त्याच दिवशी मैदानावरच्या सोंगाड्या माशांच्या शर्यतीत हंगामभर न जिंकलेला हंपी जिंकला होता. मग टोरांटोशी सात सामने. 20 ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, सातव्या डावात जॉर्ज स्प्रिंगरचा तो होम रन, आणि 4-3 नं हार. तीस संघांत वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला संघ एकच आहे, आणि अजूनही तोच आहे. पण हे सगळं घडत असताना निदान समोर काहीतरी घडत होतं. तिला आजही आठवतात ते त्याआधीचे पाच दिवस, ज्यांत काहीच घडलं नाही.

पहिल्या फेरीतून सूट मिळाली होती. रविवारी हंगाम संपला आणि पुढचा सामना थेट शनिवारी, 4 ऑक्टोबरला. मार्चअखेरपासून जवळजवळ रोज खेळणारी माणसं पाच दिवस थांबणार होती. सूट हे बक्षीस असतं. चाहत्याला ते शिक्षेसारखं वाटतं, कारण सहा महिने संध्याकाळी सात वाजता जे काही चालू असायचं, ते अचानक बंद पडतं. सोमवारी ती सात वाजता उठून स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. आईचा फोन आला. "आज नाही का तुझं?" नाही. "मग जेव तरी नीट."

काळजीला विषय पुरेसे होते. ब्रायन वू, हंगामातला सगळ्यांत भरवशाचा पिचर, ह्यूस्टनच्या त्याच मालिकेत छातीच्या स्नायूला धरून बाहेर गेला होता आणि तो कधी परत येणार हे कुणी नीट सांगत नव्हतं. डेट्रॉइट आणि क्लीव्हलंड यांतलं जे जिंकेल ते समोर येणार होतं, आणि मंगळवारी डेट्रॉइटच्या तारिक स्कूबलनं क्लीव्हलंडचे चौदा फलंदाज स्ट्राइकआउट केले. हा स्कूबल सिअॅटल युनिव्हर्सिटीतून खेळून गेलेला. म्हणजे तिच्या रुग्णालयाच्या टेकडीवरून चालत जाण्याच्या अंतरावरचा मुलगा. तिनं हात पुसायच्या कागदावर हिशोब मांडला. मंगळवारी टाकलं, चार दिवस विश्रांती, म्हणजे डेट्रॉइट आलं तर रविवारी हाच. आणि मालिका पाचव्या सामन्यापर्यंत गेली, तर त्या शुक्रवारी पुन्हा हाच. दोन्ही वेळा सिअॅटलमध्ये. असे हिशोब तिला नवे नाहीत. प्लेटलेट्स पाच ते सात दिवस टिकतात, त्या हलत्या फळीवर ठेवाव्या लागतात, कोणती पिशवी कधी संपणार हे तिला झोपेतही सांगता येतं. फक्त तिथे हिशोब झाल्यावर करण्यासारखं काही असतं.

बुधवारी संध्याकाळी, म्हणजे मिरजेत दसऱ्याच्या सकाळी, आई म्हणाली, "आज सीमोल्लंघन. तुमची सीमा कुठली?" तिला सांगता येईना. अजून समोर कोण येणार तेच ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी क्लीव्हलंडनं डेट्रॉइटला हरवून बरोबरी साधली होती. आईनं आपट्याची पानं फोटोतल्या बाबांपुढे ठेवली आणि म्हणाली, "ते असते तर त्यांनी बारा वाजेपर्यंत तुला फोनवर पकडून ठेवलं असतं."

गुरुवारी डेट्रॉइट आलं.

रुग्णालयात त्या आठवड्यात एक निराळीच भाषा सुरू झाली. एरवी एकमेकांना ओळखही न देणारी माणसं लिफ्टमध्ये फक्त "वू?" एवढंच विचारायची आणि समोरचा मान हलवायचा. भूल देणाऱ्या एका डॉक्टरच्या टोपीवर मॅरिनर्सचं होकायंत्र आलं. कुणीही "आपण जिंकू" म्हणत नव्हतं. 1995 पाहिलेले लोक तर अजिबात नाही, आणि त्यांच्याकडे तर म्हणण्यासारखं सगळ्यांत जास्त होतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये संघ तेरा सामन्यांनी मागे होता आणि नवीन मैदान झालं नाही तर गाव सोडून जाणार अशी चिन्हं होती. तिथून वर येऊन 8 ऑक्टोबरला अकराव्या डावात एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर केन ग्रिफी पहिल्या बेसवरून थेट घरी पोचला आणि यांकीज हरले. पुढच्या काही दिवसांत राज्याच्या विधिमंडळानं मैदानाच्या पैशाची तजवीज केली. त्या संघाचा कॅचर होता डॅन विल्सन, आणि 2025 मध्ये संघाचा व्यवस्थापक होता तोच डॅन विल्सन. हे काका तिला दर दोन दिवसांनी सांगत आणि शेवटी पुस्ती जोडत, याचा काही अर्थ नाही.

शुक्रवारी रात्री ती कामावर आली तेव्हा पिशवीत नवी वही होती. जुनी डॉजर्सच्या सामन्यांनी भरली होती, आणि त्या पानांच्या पाठीला पाठ लावून प्लेऑफ लिहायचा तिला धीर झाला नाही. मध्यरात्रीनंतर काम ओसरलं. तिनं पहिलं पान उघडून वर तारीख घातली, 4 ऑक्टोबर 2025, आणि एका बाजूला डेट्रॉइट लिहिलं. फलंदाजांचा क्रम जाहीर व्हायला अजून बारा तास होते. काकांनी त्यांच्या अंदाजानं नऊ नावं पाठवली होती. ती उतरवायला घेतली, दोन उतरवली, आणि तिसऱ्याला पेन्सिलीचं टोक मोडलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. महामार्गावरचा अपघात, सहा पिशव्या, प्लाझ्मा चार. पुढची चाळीस मिनिटं तिला बेसबॉल आठवला नाही. हात आपापलं काम करत होते, गट दोनदा तपासला, चिठ्ठ्या लावल्या, डबा घेऊन जाणाऱ्या मुलाला उशीर झाला तसा जिना दाखवला. प्लाझ्माच्या दोन पिशव्या गेल्या. उरलेल्या दोन कोमट पाण्यातून बाहेर काढून ती पुसत होती तेवढ्यात फोन परत वाजला. राहू दे. थांबलं.

वितळवलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवत नाहीत, फ्रिजमध्ये ठेवतात, आणि तो पाच दिवस चालतो. तिनं दोन्ही पिशव्यांवर नवी चिठ्ठी लावली आणि मुदत लिहिली: 9 ऑक्टोबर. लिहून झाल्यावर ती जरा थांबली. नऊ तारखेपर्यंत चार सामने झालेले असणार. पाचवा असलाच तर दहाला.

पिशव्या आत ठेवून तिनं दार लावलं, थर्मामीटरचा आकडा नोंदवला आणि पेन्सिलीला टोक काढायला बसली.